पुलाच्या पोटातलं पाणी

श्रावणातला पाऊस तसा समंजस. घटकाभर पडतो, घटकाभर उन्हाला जागा देतो, तेवढ्यात बायकांचे कपडे सुकतात. यंदा मात्र त्याने बसकण मारली होती. आठ दिवस झाले, धड कोसळत नव्हता, धड उघडत नव्हता. उंबरघोळच्या खाचरांचे बांध फुगून मऊ पडले होते आणि चुलीवर टांगलेल्या पंच्यालासुद्धा ओला वास सुटला होता.

कमळाकर उजाडता उजाडता उठला. पडवीत शेजारच्या गिरजाबाईंचा पाटा भिंतीला टेकून उभा होता. गणपतीच्या आधी टाकी लावून दे, म्हणून म्हातारीने चार दिवसांपूर्वी आणून टाकलेला. इतका गुळगुळीत झाला होता की खोबरं वाटायला घेतलं तर नुसतं घसरायचं, आणि गौरीच्या सणाचं वाटण तिला पाट्यावरचंच लागायचं. एरवी कमळाकरने अर्ध्या दिवसात तो ठोकून दिला असता. आता त्याने पाट्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, ओळंबा कमरेला खोचला, डोक्यावर प्लास्टिकचा कागद ओढला आणि परसाकडे जाऊन येतो म्हणून बायकोला सांगितलं.

पुतळी चुलीत फुंकर घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आठ दिस झाले, सकाळी एकदा आन् सांजचं एकदा. पोट बिघडलं आसंल तर डाक्टरला दाखवा. परसाकडं ओळंबा कशाला लागतो, ते तरी सांगा."

तोवर तो अंगण ओलांडून गेला होता.

पूल घरापासून हाकेच्या अंतरावर. पेणहून रोह्याकडे जाणारा जुना रस्ता उंबरघोळात शिरतो तोच ह्या पुलावरून. तीन कमानी, मधली मोठी, बाजूच्या दोन धाकट्या. कमानी गोल नाहीत. देवापुढे हात जोडावेत तशा वर टोकाला मिळालेल्या. खांबांना वरच्या अंगाला त्रिकोणी नाकं काढलीयत. पुराचं पाणी त्यांच्यावर येऊन दुभंगतं आणि वाहत आलेले ओंडके गुमान बाजूने निघून जातात. कठड्यात मधोमध एक रुंद सपाट दगड आहे, डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या हाताशिवाय टेकवता येईल अशा उंचीचा. मिठाच्या गोण्या, भाताचे भारे, लाकडाच्या मोळ्या टेकून टेकून त्याला परातीसारखा खळगा पडलाय. पूल कुणी बांधला यावर गावाचं एकमत नाही. कोण म्हणतो निजामशाहीतला, कोण म्हणतो त्याच्याही आधीचा. कमळाकरच्या बापाला, जनू पाथरवटाला, कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "ज्याने बांधला त्याला दगड कळत हुता. नाव कशाला पायजे?"

कमळाकर घाटाच्या पायऱ्या उतरला. खालच्या चार पायऱ्या पाण्यात होत्या. वरच्या पायरीवर उभं राहून त्याने वर कठड्याच्या कडेला मारलेल्या खिळ्यावर काठीने दोरी अडकवली आणि ओळंबा सोडला. सरळ भिंत असती तर दोरी वरपासून खालपर्यंत दगडाला चिकटून राहिली असती. इथे ती मध्येच भिंतीला टेकली आणि खाली पायथ्याशी दगडापासून सुटी लोंबकळत राहिली. त्या फटीत त्याने बोटं आडवी घातली. पहिल्या दिवशी दोन बोटं मावली होती. काल तीन. आज तिसरं बोट जाऊन वर अर्ध्या बोटाची जागा उरली.

साडेतीन. भिंतीला पोट सुटत चाललं होतं, पोटुशी बाई दिसावी तसं, आणि आत काय आहे ते साऱ्या गावात एकट्या कमळाकरला ठाऊक होतं.

आत पाणी होतं. आणि ते बाहेर यायची वाट त्याने स्वतःच्या हाताने बंद केली होती.

असे पूल म्हणजे बाहेरून चिरेबंदी भिंती आणि आत दगड-माती-मुरूम ठासून भरलेलं पोट. वरून पडलेलं पाणी थोडंफार आत मुरतंच. ते निघून जावं म्हणून बांधणाऱ्याने खालच्या अंगाच्या भिंतीत सात भोकं ठेवली होती, हाताची मूठ जाईल एवढी. जनू दरवर्षी मिरगाच्या आधी बांबूची काठी घेऊन ती साफ करायचा. ना कुणी सांगितलेलं, ना कुणी त्याबद्दल कधी सुपारीचं खांड दिलेलं. लहानपणी कमळाकरने खालून काठ्या पुरवल्या होत्या. बाप एवढंच म्हणायचा, दगडाला पाणी लागलं तर चालतं, पोटात ऱ्हायलं तर चालत नाय. पोराने ते ऐकलं आणि बापाच्या बाकी शंभर बोलण्यांत टाकून दिलं.

जनू गेला. भोकांत माती बसली, गांधीलमाशांनी घरं केली. पोलीस पाटील हैबतरावांच्या आईला त्याच घाटावर फुरसं चावलं. म्हातारी वाचली, पण फुरसं भोकातून आलं असं साऱ्यांनी पाहिलं होतं. त्याच वर्षी पुलाच्या दगडांच्या फटी सिमेंटने भरायचं काम निघालं आणि कमळाकरला मिळालं. गवंड्याचं काम चालतं ते उन्हाळ्यात. ऐन चैत्रात, सुकून खडखडीत झालेल्या नदीत उभं राहून त्याने ती भोकं पाहिली. एकातूनही थेंब येत नव्हता. नुसती धूळ आणि जनावरं. हैबतराव म्हणाले, बुजव रे बाबा एकदाची. त्याने बुजवली. वरून घोटून अशी गुळगुळीत केली की भोक कुठे होतं ते सांगता येऊ नये. तेव्हा सिमेंट म्हणजे पक्कं, चुना म्हणजे म्हाताऱ्यांचं खूळ, असं त्यालाही वाटायचं. काम इतकं नामी झालं की घाटाजवळच्या भोकावरच्या ओल्या सिमेंटात त्याने खिळ्याने नाव कोरलं, 'कमळाकर जनू', आणि खाली साल.

त्याला अकरा वर्षं झाली. नावावर शेवाळ चढलं. गेल्या दोन पावसाळ्यांत भिंतीवर चुन्याचे पांढरे ओघळ उतरायला लागले, तेव्हा कुठे बापाचं बोलणं शंभरातून वर आलं.

सांगायचं तर कुणाला? पलीकडच्या खोऱ्यात असाच एक जुना पूल होता. 'धोकादायक' अशी पाटी लागली, आणि पाटीच्या मागोमाग मशीन आलं. दोन दिवसांत पूल ओढ्यात झोपला. चिरे कुणाकुणाच्या कुंपणाला गेले. आणि न सांगावं तर निलेश होता.

निलेश त्याचा एकुलता एक. हमरापूरच्या कारखान्यातून गणपती भरून रोह्याच्या दुकानांत पोचवायचा टेम्पो चालवायचा. गणपतीला बारा दिवस उरलेले, रोज तीन फेऱ्या. बापाने दोनदा सुचवून पाहिलं की हायवेने जा. निलेशने समजावलं, हायवेच्या खड्ड्यांत गणपतीचे हात तुटतात, जुना रस्ता सपाट आहे. ते खरंही होतं. त्यावर खरं कारण सांगायचं तर नाव सांगावं लागलं असतं, आणि कमळाकरची जीभ तिथेच अडायची. जनूचा पोरगा म्हणून पेणपासून रोह्यापर्यंत लोक त्याला देवळाच्या जोत्याला बोलवायचे. म्हणून तो रोज तीनदा पडवीत उभा राहून टेम्पो पुलावर चढताना बघायचा, आणि मागची चाकं गावच्या मातीला लागली की श्वास सोडायचा.

त्या दिवशी दुपारी एक पोरगी आली. मनस्वी नाव, राहणारी पेणच्या रामवाडीतली, जुनी बांधकामं शिकलेली. जिल्ह्यातल्या जुन्या पुलांची मापं घेत स्कूटीवर फिरत होती. हैबतरावांनी छत्री धरून तिला सगळा पूल दाखवला आणि हाताशी असावा म्हणून कमळाकरला बोलावून घेतलं. पोरगी काठच्या कमानीखाली चिखलात बिनधास्त उतरली. म्हणाली, हे दगड नुसते एकमेकांच्या भारावर उभे आहेत, वरून जितका भार येईल तितके घट्ट बसतात, ही टोकदार कमान निदान तीनशे वर्षांची असावी, जास्तही असेल. असं बोलणारं माणूस कमळाकरला बाप गेल्यानंतर भेटलं नव्हतं. त्याला बरं वाटलं, पण ती आता बाजूच्या भिंतीकडे वळली होती.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग ब्रशने शेवाळ खरवडायला लागली.

"पाटीलकाका, अशा पुलांना पाणी जायला भोकं असतात. इथे दिसत नाहीत."

"कधी नव्हतीच," हैबतराव म्हणाले. म्हणताना त्यांनी कमळाकरकडे पाहिलं नाही. कमळाकरनेही पाहिलं नाही. दोन म्हातारे दोन दिशांना पाऊस बघत उभे राहिले.

ब्रश दगडावरून सरकत होता. नावापासून दोन हात. दीड हात.  तेवढ्यात सर जोरात आली आणि पोरीने ब्रश पिशवीत टाकला.

तिने जे सांगितलं ते तिलाही आवडत नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं. भिंत फुगलीय, कारण कळत नाही, पण लिहावं तर लागणार. कारण कळलं नाही की लोक सोपा उपाय काढतात, आणि सोपा उपाय म्हणजे पाडणं. आजच्या आज गाड्या थांबवलेल्या बऱ्या. हैबतराव म्हणाले, आधी चहा घेऊ, गणपतीच्या तोंडावर गावाचा रस्ता तोडायचा म्हणजे चार माणसांना विचारायला हवं. ते तिला घेऊन गेले.

कमळाकर एकटा राहिला. खिळ्यावर पुन्हा दोरी अडकवली. ओळंबा वाऱ्याने डोलत राहिला. थांबला, तेव्हा फटीत चार बोटं मावली. कालपासून पुरतं एक बोट. आधीच्या सात दिवसांत वाढलं होतं तेवढं एका दिवसात. दोन दगडांमधून सिमेंटची एक खपली सुटली आणि त्याच्या पायाशी पडून फुटली.

साडेतीन वाजून गेले होते. निलेशची तिसरी फेरी चारला असायची. फोन लावला, लागला नाही. तिकडे डोंगराच्या वळणाला रेंज कधीच नसते. टेम्पो पलीकडून, पेणच्या अंगाने येणार, म्हणजे थांबवायला पूल ओलांडून जावं लागणार. जन्मभर ज्या पुलावरून तो विडी ओढत गेला होता, त्यावरून आता अनवाणी, मधोमध, पाऊल हलकं टाकत निघाला. मधल्या दगडाशी आल्यावर त्याचा हात आपोआप त्या खळग्यावर टेकला. पुढे गेला.

पलीकडे पोचतो तो वळणावरून टेम्पो दिसलाच. कमळाकर पुलाच्या तोंडाशी रस्त्यात उभा राहिला. निलेशने हॉर्न दिला, मग ब्रेक मारला, मग डोकं बाहेर काढलं.

"बाबा, बाजूला व्हा ना. ताडपत्री गळतेय, पंचवीस गणपती हायत, सगळे शाडूचे."

"गाडी पुलावर घालू नको."

"का? काय झालं?"

आठ दिवस तोंडात धरून ठेवलेलं बाहेर पडलं ते अगदी साधं पडलं. "पुलाच्या पोटात पाणी तुंबलंय. भिंत सुटायला आलीय. पाण्याची भोकं मी बुजवली व्हती."

निलेशने इंजिन बंद केलं. वायपर काचेवर मध्येच थांबले.

"तुमाला कवापासनं ठावं हाय?"

"आठ दिस."

"आठ दिवस मी तीन-तीन फेऱ्या मारतोय, बाबा."

  निलेश उतरला, चाकाखाली दगड लावला आणि ताडपत्रीचं भोक हाताने धरून उभा राहिला.

गावात बातमी पोचायला हाकसुद्धा लागली नाही. टेम्पो पलीकडेच थांबलाय म्हटल्यावर माणसं आली, त्यांच्यामागे हैबतराव आणि मनस्वी आली, पदर डोक्यावर घेऊन पुतळी आली. मनस्वीने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा पुलाची नाही, मूर्तींची व्यवस्था लावली. गळक्या ताडपत्रीखाली हायवेच्या खड्ड्यांतून त्या टिकल्या नसत्या. एकेक माणूस, मध्ये अंतर ठेवून, वरच्या अंगाच्या कठड्याने. माणसाच्या भाराने काही होणार नाही. मग पंचवीस गणपती रुमालाने तोंड झाकून, वरून प्लास्टिक घेऊन, एकेकाच्या डोक्यावरून पूल ओलांडून आले. कुणाला मध्येच दम लागला तर तो ओझ्याच्या दगडाशी थांबायचा, गणपती त्या खळग्यात टेकवायचा आणि पुन्हा उचलायचा. नेहमीसारखा मोरया झाला नाही.  निलेशने रोह्याहून दुसरी गाडी मागवली.

शेवटची मूर्ती देवळात टेकली तसा कमळाकर घाटावर उतरला. मनस्वी आणि हैबतराव पाठोपाठ. त्याने अंगठ्याने शेवाळ पुसलं. आधी 'जनू' निघालं, मग 'कमळाकर', मग साल.

पोरीने वाचलं. रागावली नाही, त्याचंच त्याला अवघड झालं. तिने विचारलं, अशी किती. तो म्हणाला सात, पण हात पोचेल अशी दोनच, बाकीच्यांना परांची बांधावी लागेल. आता उघडता येतील का, तिने विचारलं. तो म्हणाला येतील. घणाने नाय. छिन्नी हाताने फिरवून, आधी बोटाएवढं, मग मोठं. गळू फोडतात तसं. एकदम उघडलं तर पाण्याबरोबर पोटातली मातीपण येईल, आणि मग भिंत आत बसेल.

ती विचारात पडली. मग सगळ्यांना पुलावरून आणि भिंतीच्या खालून बाजूला काढलं, स्वतः मात्र तीन पायऱ्या वर उभी राहिली.

त्याने स्वतःच्या नावावर छिन्नी ठेवली. सिमेंट अजून पक्कं होतं. काम खरंच चांगलं केलं होतं त्याने. अर्धा तास गेला. मनगट भरून आलं. मग छिन्नी एकाएकी आत गेली आणि तिच्या बाजूने पाण्याची बारीक धार उडून त्याच्या छातीवर आली. थंड नव्हती. कोमट, अंगातून निघाल्यासारखी. आणि लाल.

लाल म्हणजे माती. त्याने तळवा दाबून धरला. बोटांच्या फटीतून लाल पाणी गळत राहिलं आणि त्याला काही सुचेना. काढावा हात तर पोट रिकामं होणार, ठेवावा तर भिंत जाणार. वर मनस्वी काहीतरी म्हणत होती, ते त्याला ऐकू येत नव्हतं.

"आवं," मागून पुतळी म्हणाली. ती कधी खाली आली कोण जाणे. तिच्या ओच्यात नारळाची सोडणं होती. "हे घ्या. मामंजी दर साली न्यायचे. काठी आन् सोडणं. मी इचारायची कशाला, तर म्हणायचे पुलाला दात घासायला."

कमळाकरला एकदम आठवलं. बाप काठीने भोक साफ करून त्यात सोडणाच्या काथ्याचा बोळा सैलसर बसवायचा. त्याने शंभरदा पाहिलं होतं. पाणी येईल, माती थांबेल. एवढी साधी गोष्ट, आणि ती पाथरवटाचा पोरगा विसरला, पण चूल पेटवणाऱ्या सुनेने लक्षात ठेवली होती.

त्याने काथ्या पिंजला, बोळा केला, आत सारला. छिन्नीने भोक थोडं वाढवलं, दुसरा बोळा. धार जाड झाली. लाल, मग तांबूस, मग बिनदुधाच्या चहासारखी. सांजेपर्यंत दुसरं भोकही उघडलं. तेही वाहायला लागलं. ओळंबा सोडला तर चार बोटं. तासाभराने चार. आणखी थोड्या वेळाने मनस्वीने तिच्या पट्टीने मोजलं आणि म्हणाली, वाढलेलं नाही.

तिने चांगलं काहीच कबूल केलं नाही. फुगलेली भिंत मागे जात नसते. पाऊस उघडल्यावर बाकीची पाच भोकं, मग सिमेंट काढून पुन्हा चुना, तोवर चाक चढता कामा नये. लिहून पाठवीन, वाचतील की नाही सांगता येत नाही. पण आता कारण माहीत आहे. पाडायच्या आधी निदान वाचावं लागेल. मग वही उघडून तिने जरा अवघडून विचारलं की भोकं कुणी बुजवली, तिथे काय लिहू.

"लिवलेलंच हाय की बाय," कमळाकर म्हणाला. "निम्मं ऱ्हायलंय अजून त्या सिमेंटावर. तेच उतरून घ्या."

हैबतराव छत्री मिटून पुढे आले. खाकरून म्हणाले, "बुजव म्हणून कोण बोललं, तेबी लिवा. हैबतराव पोलीस पाटील. आईला माज्या फुरसं चावलं व्हतं, तेबी लिवा." मग वहीकडे बोट दाखवून, "आन् नव्हतीच म्हणालो, ते खोडा."

पुलाच्या दोन्ही तोंडांना उंबराच्या फांद्या आडव्या पडल्या. निलेश रिकामा टेम्पो घेऊन हायवेने गेला. जाताना बापाशी बोलला नाही, पण रोह्यात पोचल्यावर आईच्या फोनवर पोचलो म्हणून कळवलं.

सकाळी पाऊस तसाच होता. कमळाकर उठला, ओळंबा उघड हातात घेतला आणि पुलावर जातो म्हणून सांगून गेला. चार बोटं. पाणी फिकट झालं होतं, अजून निवळलं नव्हतं. परत येऊन त्याने पडवीत गोणपाट अंथरलं, गिरजाबाईंचा पाटा मांडीशी आडवा घेतला आणि टाकीला दोन घाव दिले. दोन घाव झाले की थांबायचा, कान पुलाकडे द्यायचा. पाण्याचा आवाज यायचा. मग पुन्हा दोन घाव.

"थांबून थांबून ठोकाल तर म्हातारीच्या गौरी उठून जातील," पुतळी आतून म्हणाली.

त्याने टाकी जरा पुढे सरकवली आणि पाट्याची पुढची ओळ धरली.